नासिरचा उजवा बूट

डिसेंबर लागला तेव्हा आमची डिटॅचमेंट चंद्रपूरला आली. एक मेजर साहेब, मी नायब सुभेदार प्रल्हाद रामटेके, हवालदार नासिर शेख, चार जणांचा ग्राउंड क्रू आणि दोन मायक्रोलाइट विमानं. काम सांगायला सोपं होतं. चंद्रपूरच्या धावपट्टीवरून उडायचं, सावली, गडचिरोली, कुरखेडा अशा गावांत मैदानावर उतरायचं, कॉलेजच्या पोट्ट्यापोट्टींना विमान दाखवायचं, फौजेत कसं यायचं ते सांगायचं, परत यायचं. मी सावली तालुक्यातला, नासिर चंद्रपूर शहरातला. एवढी वर्षं नोकरी केली, पण घराजवळ पोस्टिंग मिळालं ते हे एकच. माझ्या आईने विहारात खीर वाटली.

मायक्रोलाइट म्हणजे म्हणायला विमान. खाली तीन चाकांचा सांगाडा, वर कापडी पंख, पाठीमागे इंजिन आणि त्याला लावलेला पंखा, म्हणजे प्रोपेलर. काच नाही, दार नाही. पायलटचे पाय सगळ्यात पुढे, उघड्या वाऱ्यात. उजव्या पायाखाली थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा वेग कमीजास्त करणारं पेडल, डाव्या पायाखाली ब्रेक. थ्रॉटलचा एक दांडा हाताशीही असतो. कुरखेड्यात एका बाईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "बाप्पा! याले तं आंगच नाई, नुसती हाडं हायेत." बरोबरच बोलली.

लोक मला म्हणतात, आपल्या इकडे कुठी थंडी? त्यांना माझं एकच सांगणं. वैनगंगेवर धुकं असताना सकाळी या, ऐंशीच्या वेगाने पाय पुढे करून बसा, मग बोला. तासाभराने बोटं जागेवर आहेत का, ते उतरून पाहावं लागतं.

नासिरला ही थंडी इतरांहून जास्त लागायची. आधीच्या एका बर्फातल्या पोस्टवर त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली होती. उरलेला पाय गारठला की सुन्न पडायचा. डॉक्टर साहेबांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं की पायाला पुन्हा काही झालं तर मेडिकल कॅटेगरी उतरेल आणि फ्लाइंग कायमचं बंद. नासिरला उडण्याशिवाय दुसरं काही नको होतं. लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, "भाऊ, पहिले उडून घेऊ द्या." चारचौघांत तो मला साहब म्हणे, एकटे असलो की भाऊ.

आता गंमत पाहा. मेडिकलची ऑर्डर होती की थंडीत उडताना जाड, आतून गरम बूट घालणं सक्तीचं. फ्लाइट सेफ्टीची ऑर्डर होती की जाड तळाचा, रुंद बूट घालू नये, कारण पायाखालचा पेडल कळला पाहिजे. दोन्ही ऑर्डरी आमच्या तंबूत एकाच फळीवर लावलेल्या होत्या. मी मेजर साहेबांना विचारलं, "सर, दोन्हीचं पालन एकदम कसं करायचं?"

"रामटेके साहब, सेफ्टी का जिम्मा आपका है. आप बताओ."

म्हणजे झालं. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय. मी वीस वर्षं हुकूम पाळत आलो. एकाच पायाला दोन हुकूम मिळाले तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आम्ही आठवडाभर बुटांचेच प्रयोग केले. पहिले बर्फातले मोठे बूट घातले. पाय एकदम गरम, पण बूट एवढा रुंद की थ्रॉटल दाबताना शेजारची लोखंडी पट्टीही दाबली जायची. मग कॅनव्हासचे बूट आणि आत तीन मोजे. ते इतके घट्ट झाले की रक्त थांबलं आणि पाय अजून गार पडला. ग्राउंड क्रूमधल्या एकाने सांगितलं की त्याच्या गावचे लोक गमबुटात धानाचं तणस, म्हणजे पेंढा, भरतात. नासिरने तेही केलं. धावपट्टीवर एक चक्कर मारून आला आणि विमान थांबायच्या आत उडी टाकून पाय खाजवत बसला.

"काऊन बे, गरम झाला का पाय?" मी विचारलं.

"पाय कुठी गेला मालूम नाई, साहब. खाज तेवढी हाये."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. तोही हसला, पण संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "भाऊ, असंच राह्यलं तं मले खाली बसवतील." त्याचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. मी त्याला म्हणालो, "बसवत नाई कोणी. जोडा भेटते. चंद्रपुरात काय जोडे बनत नाईत?"

जोडे त्याच्या घरीच बनत होते. त्याचे वडील उस्मानचाचा बाजारात जोड्यांचं दुकान चालवायचे. चपला, पोलिसांचे बूट, दुरुस्ती, सगळंच. नासिरने बापाला पायाबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो, तिथे त्याने मोजा काढला आणि चाचांनी दोन बोटांची जागा पाहिली. खाली बसून त्यांनी पायाचं माप घेतलं. डाव्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं.

बूट दोन दिवसांत तयार झाले. तळ पातळ रबराचा, आत मेंढीची लोकर, घोट्याच्या वर येणारे, बाजूला चेन. चेन कशाला, असं मी विचारलं. चाचा म्हणाले, "थंडीनं बोटं आखडली तं नाडी कशी बांधन तो? चेन एका हातानं लागते." मला पटलं. नियमात "नाडी आत खोचावी" असं लिहिलेलं होतं, चेनबद्दल एक अक्षर नव्हतं. मी चेन ओढून पाहिली, बूट हातात धरून झटकून पाहिला, नासिरला धावपट्टीवर पळवलं. मग त्याने त्या बुटांत दोनदा उड्डाण केलं. खाली उतरला तेव्हा लहान लेकरासारखा पाय आपटत होता. "भाऊ, बोटं बोलून राह्यली!" मेजर साहेबांनीही बूट हातात घेऊन पाहिले आणि ओके दिलं.

त्या बुटांतलं तिसरं उड्डाण कुरखेड्याचं होतं. मेजर साहेब आदल्या दिवशीच जीपने पुढे गेले होते. सूर्य वर आल्यावर आम्ही टेक-ऑफ केला. नासिर पुढे, गरुड-वन. मी मागे थोडा वर, गरुड-टू. सावलीवरून जाताना मी आमच्या घराचं छप्पर शोधलं, सापडलं नाही. वैनगंगा ओलांडली. नदीवर धुकं होतं आणि हवा अंगाला टोचत होती.

पलीकडे गेल्यावर बऱ्याच वेळाने रेडिओ आला.

"गरुड-टू, वन. उजवा पाय झोपून राह्यला. ओव्हर."

"वन, टू. हाताचा थ्रॉटल लाव. पाय हलवत राह्य. ओव्हर."

"रॉजर."

"परत फिरायचं का? ओव्हर."

"नाई साहब. कुरखेडा आलंच. ओव्हर."

यानंतर मी मांडीवरच्या नकाशाकडे पाहिलं. किती वेळ ते सांगता येत नाही. एखादं वळण पाहण्यापुरता. मान वर केली तेव्हा त्याच्या विमानाखाली काहीतरी काळं पडताना दिसलं आणि त्याचा पंखा थांबलेला दिसला. हेल्मेटमध्ये मला माझंच इंजिन ऐकू येत होतं, त्याचं कधी बंद पडलं ते कळलं नाही.

"वन, टू. काय झालं? ओव्हर."

तो आधीच खूप खाली होता. खाली सगळ्या बांध्या, धानाची छोटी खाचरं. कापणी झालेली, जमीन कडक, पण प्रत्येक बांधीला धुरा. धुरा म्हणजे मातीचा बांध, गुडघ्याएवढा. नासिरने विमान छान सरळ आणलं. मी वरून पाहत होतो, हे मी कुठेही छाती ठोकून सांगेन. चाकं टेकली, तो अर्धी बांधी गेला, पुढचं चाक धुऱ्यावर आदळलं आणि विमान उलटलं.

मी शेजारच्या मुरमाच्या रस्त्यावर उतरलो. मी पोहोचायच्या आत गावातली माणसं पोहोचली होती. कुणीतरी खाट आणली, कुणीतरी पिकअप आणली. नासिर शुद्धीवर होता. डाव्या पायात बूट होता. उजव्या पायात बूट नव्हता, मोजाही नव्हता. दोन बोटांची जागा उघडी दिसत होती. मला पाहून तो एकच शब्द बोलला, "बूट."

हॉस्पिटल जवळच होतं. आम्ही पोहोचलो, पण नासिर पोहोचला नाही.

इथून पुढचं माझं डोकं आजही जागेवर येत नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. प्रश्न एकच. पायलटच्या मागे पंखा असतो, म्हणून सुटी वस्तू पायलटजवळ असता कामा नये, हा पहिला नियम. बूट निसटून किंवा नासिरने तो स्वतः काढल्याने पंख्यात गेला असेल, तर पंखा त्यानेच थांबवला आणि चूक पायलटची. इंजिन आधी बंद पडलं असेल आणि ते पुन्हा सुरू करताना सुन्न पायाला थ्रॉटल कळावा म्हणून त्याने घाईने बूट-मोजा काढून फेकला असेल, तर चूक इंजिनची आणि नासिरने शेवटपर्यंत विमान वाचवायला पाहिलं. आधी काय? बूट की इंजिन?

पंखा तुटलेला होता, पण उलटताना तो तुटणारच होता. इंजिन उघडलं. एका तज्ज्ञाने एक सांगितलं, दुसऱ्याने दुसरं. बूट तिसऱ्या दिवशी एका गुराख्याला सापडला. चेन उखडलेली, चामडं फाटलेलं. पंख्याने फाडलं म्हणावं तर त्यावर दातांच्याही खुणा होत्या. कुत्र्याने ओढलं असेल, कोल्ह्याने ओढलं असेल.

कोर्टातल्या ऑफिसरांनी मला विचारलं, "साहब, पहले क्या हुआ?"

"सर, मैंने दोनों एक साथ देखे."

"एक साथ कैसे हो सकता है?"

होऊ शकत नाही, हे मलाही कळत होतं. पण दिसलं तसंच. त्यांनी मला बराच वेळ उलटसुलट विचारलं, आणि शेवटी मला माझ्याच डोळ्यांवर राग आला. रिपोर्टमध्ये आलं की कारण निश्चित करता आलं नाही. नासिरच्या नावापुढे चूक लिहिली गेली नाही, आणि शाबासकीही लिहिली गेली नाही.

त्याला चंद्रपूरच्या कब्रस्तानात सलामी दिली. चाळिसाव्या दिवसानंतर मी दुकानात गेलो तेव्हा चाचांनी मला आत बोलावलं, दुकानातल्या पोराला चहा आणायला पिटाळलं आणि विचारलं, "रामटेके भाऊ, तुम्ही डोळ्यानं पाह्यलं. पहिले पंखा थांबला का पहिले माह्या हातचा बूट पडला?"

ऑफिसरांपुढे मी ताठ उभा राहिलो होतो. चाचांपुढे मला बसायलाही जमेना. कोर्टाला हवी होती ती गोष्ट वेगळी. या माणसाला कळायला हवं होतं की आपण शिवलेल्या बुटाने आपलाच पोरगा मेला का. मी म्हणालो, "चाचा, मले नाई समजलं."

"बरं," ते म्हणाले.

दर डिसेंबरात मी त्यांच्याकडे जातो. रिटायर झालो, सावलीला राहायला आलो, तरी गेलो. दर वेळी चहा येतो आणि दर वेळी तोच प्रश्न येतो. एका वर्षी मी ठरवून गेलो होतो की सरळ सांगायचं, इंजिन पहिले बंद झालं, चाचा, तुमच्या बुटाचा काही दोष नाही. तोंड उघडलं आणि बोललो भलतंच, धानाच्या भावाबद्दल. खोटं बोलायची माझी तयारी होती. पण ते खोटं आहे की खरं, हेच मला माहीत नव्हतं. असा भैताडपणा, असं डोकं फिरणं देव कुणाला न देवो, असं म्हटलं असतं, पण आमच्यात देवाला मध्ये घालत नाहीत. कधी रात्री मला आधी पंखा थांबलेला दिसतो, कधी आधी बूट. आता तर मी खरं काय पाहिलं आणि नंतर काय जुळवलं, तेही मला वेगळं करता येत नाही.

मागच्या डिसेंबरात गेलो तेव्हा चाचा फार थकलेले दिसले. तरी मांडीवर कुणाची तरी चप्पल होती. चहा आला. मी प्रश्नाची वाट पाहत बसलो. तो आला नाही. चहा संपल्यावर त्यांनी वेगळंच विचारलं.

"भाऊ, त्याच्या पायाले थंडी तं नाई ना वाजली?"

इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. कोर्टानेही नाही.

"उजवा उघडा होता, चाचा," मी म्हणालो. "पिकअपमधी मी माह्या मफलरमधी गुंडाळून मांडीवर घेतला होता."

"अन् डावा?"

"डाव्यात तुमचा बूट होता. हॉस्पिटलात मीच काढला. पाय गरम होता."

"खरंच?"

"खरं सांगतो. त्याच्या हाताले बर्फासारखा गारठा होता. पाय गरम होता."

"किती गरम?"

मी त्यांच्या मांडीवरची चप्पल बाजूला ठेवली आणि त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

"एवढा," मी म्हणालो.

चाचांनी हात काढून घेतला नाही. दुकानात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. चाचा त्याला म्हणाले, "थांब बेटा. नासिरची गोष्ट चालू हाये."