कासारीण मावशी नि माझ्या हाताचं माप

आमच्या चौलला वाडीवाडीतनं फिरणारी एक कासारीण होती. तिचं नाव मी कधी विचारलंच न्हाय, सगळ्याच तिला मावशी म्हणायच्या. बाळंतपण उरकून मी मुंबईला निघणार होते, रेवसहून बोटीनं, नवऱ्याकडं, नि म्हणून आईनं तिला बांगड्या भरायला बोलावली. तिकडं सासू न्हाय, कुणी न्हाय, एक खोली नि मी, नि मला तर लेकराला न्हाऊ घालायचीसुद्धा भीती वाटायची.

मावशीनं ओटीवर बसून माझा हात गुडघ्यावर घेतला नि अंगठ्याचं हाड दाबत राहिली. तिची बोटं कढत होती, अजून आठवतात. बांगडी चढवताना ती हाताकडं बघायचीच न्हाय, वर माडाकडं बघायची.

"लग्नातल्याच मापाच्या भर गो मावशी," मी म्हटलं.

"अगो बाय, त्या आता मनगटात जातात व्हय? लेकरू उचलून हात बघ कसा रुंद झालाय!"

"हात झाला आसंल, मी न्हाय झाले मोठी," म्हणताना मला रडूच फुटलं.

तिनं हात सोडला न्हाय. "आदी हातच मोठा व्हतो बाय. मानूस मागनं येतं, सावकाश."

तेवढ्यात आत लेकरू रडलं. आई उठली, तर मावशीनं तिचा पदर धरून तिला बसवली. मीच धावले, लेकराला उचललं, छातीशी धरलं, नि ते गप झालं. बरोबर धरलंय का, ते विचारायला मी मागं वळले, तर दारात कुणीच आलं नव्हतं.