लोखंड की दगड

"लोखंड की दगड?" आमचे डॉक्टरसाहेब रोग्याचं नावगाव विचारण्याआधी हे विचारायचे. विचारताना उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत राहायचे.

येलदरीच्या धरणाचं काम तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. तिथल्या पत्र्याच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. दिवसभर छिन्न्या आणि घण चालायचे, आणि कुणाच्या तरी डोळ्यात कण उडायचा. त्यासाठी साहेबांनी एक यंत्र करवून घेतलं होतं. मऊ लोखंडाचा टोकदार दांडा, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, शेजारी ट्रकची बॅटरी. डोळा बधिर करायचे थेंब मी टाकायचो. मग साहेब बटण दाबायचे. तारेतून वीज वाहू लागली की दांड्याचं लोहचुंबक व्हायचं आणि डोळ्यातला लोखंडी कण टिक करून टोकाला चिकटायचा. बटण सोडलं की चुंबकत्व संपलं, कण वाटीत. इंजिनिअरसाहेबांच्या टेबलावरची घंटाही याच युक्तीवर वाजते, असं आमचे साहेब सांगायचे.

दगडाच्या कणापुढे मात्र हे चुंबक ढिम्म. हे एकदा कळल्यावर सगळेच "लोखंड" म्हणायला लागले. साहेब विचारत नव्हते, कौल लावत होते, असाच लोकांचा समज. एका पाथरवटानं तर खंडोबाची शपथ घेतली, आणि निघाली दगडाची कपची. साहेब ना हसले ना रागावले. दगडवाल्याला ते जीपमध्ये बसवून हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात पाठवत, पण ते कुणी ध्यानात ठेवत नसे. तुम्हीच सांगा, लोक चमत्कार लक्षात ठेवतात की जीप?

एके दुपारी मुकादमानं खडी फोडणाऱ्या सरूबाईला ओढतच आणलं. तिचा एक डोळा लहानपणी देवीत गेलेला. उरलेला चांगला डोळा तिनं पदरानं दाबून धरला होता. पदर काढला तर नुसता पू.

साहेबांनी नेहमीचं विचारलं.

"दगड हाय, साहेब."

इतके दिवस का आली नाहीस, असं त्यांनी विचारलं.

"तुमचं यंत्र दगडाला चालत न्हाई म्हनत्यात. मंग येऊन काय करू?"

दगड आहे हे ऐकूनही साहेबांनी दांडा उचलला आणि बटण दाबलं. सोडलं, पुन्हा दाबलं. तार तापून जळका वास सुटला, तेव्हा मीच बॅटरीची तार काढली. डोळा गेला होता. मला रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही, मी पट्टी कापत राहिलो.

पट्टी बांधली. बाहेरून पुढचा रोगी आत आला. सरूबाई स्टुलावरून उठली आणि तिथंच उभी राहिली. ती आता परत कशी जाणार, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"दार कोन्या अंगाला हाय?" तिनं विचारलं.

साहेबांनी तिचा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि तिला मजुरांच्या पालांकडे घेऊन निघाले. त्यानंतर ते दवाखान्यात आले नाहीत. राजीनामा त्यांनी तिकडूनच कुणाच्या तरी हाती पाठवला. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दारातून. खडीच्या ढिगांमधून ते हळूहळू चालत होते आणि दर पावलाला मागे वळून तिला सांगत होते, "इथं दगड आहे. पाय उचल."