सात विभक्त्यांची पोलिश आणि मामाची मलाय

सत्तरच्या दशकात नागपुरातली एक मुलगी एकाच वेळी पोलिश आणि मलाय शिकत होती, हे आज कोणाला खरं वाटत नाही. ती मुलगी मी. भाषांची हौस वगैरे काही नव्हती बाप्पा, मला लग्न टाळायचं होतं. बी.ए. झाले तशी स्थळं सुरू झाली. मी म्हणायची, मला लग्न करायचं नाही. आई कौतुकाने शेजारणीला सांगायची, लाजते. मुलीचा नकार म्हणजे लाजरा होकार, हे व्याकरण महाल भागातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना तोंडपाठ होतं.

तेवढ्यात बातमी आली की जवळच्या कोळसा खाणीवर पोलंडचे इंजिनिअर येणार आणि त्यांना दुभाषी लागणार. मी बाबांना धरलं. नोकरी लागली तर स्थळं बंद. नाही लागली तर येईल त्या पहिल्या स्थळासमोर पोह्यांच्या बशा घेऊन मुकाट्याने जायचं. बाबांनी हा करार हसत हसत मान्य केला. ते हसले तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की हेही त्यांना लाजणंच वाटलं.

पोलंडात शिकून आलेले एक सर सीताबर्डीवर संध्याकाळी शिकवायचे. पोलिशला सात विभक्त्या, असं त्यांनी सांगितलं तेव्हा आम्ही हसलो. प्रथमा ते संबोधन घोकून मोठं झालेल्या माणसाला विभक्तीचं काय भेव? मग कळलं की नाम एकटं बदलत नाही, त्याच्यासोबतची विशेषणंही बदलतात. वरातीत नवरदेवाने फेटा बांधला की साऱ्या मामेभावांना बांधावा लागतो, तसं. कुत्रा म्हणजे 'प्येस', पण मी त्याला पाहिलं की तो 'प्सा' होतो. दोन बाया मोजायच्या तर 'दोन' वेगळा, दोन बाप्ये मोजायचे तर वेगळा. हे आपल्या दोघी आणि दोघांसारखंच, म्हणून मला पटकन जमलं. पण उच्चार! चार-चार व्यंजनं खेटून बसलेली आणि स्वराला टेकायला जागा नाही. घरी पाठ करायला बसले की आजूबाजूला कोणी थांबत नसे.

फक्त मामा थांबायचा. मामा कामठीला राहायचा आणि दर रविवारी बसने जेवायला यायचा. दुसऱ्या महायुद्धात फौजेबरोबर तो मलायात, म्हणजे आताच्या मलेशियात, अडकला होता आणि तिथल्या बाजारात भाजी घेता घेता मलाय शिकला होता. माझी पोलिश ऐकून त्याचं जेवण बिघडायचं. एवढी वाकडी भाषा काहून शिकून राहिली वं, म्हणायचा, आणि न विचारता मलाय शिकवायचा. मलायला लिंग नाही, विभक्ती नाही, काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. झालं असेल तर आधी 'सुदाह' म्हणा, व्हायचं असेल तर 'आकान', क्रियापद आपल्या जागेवर बसून राहतं. पुस्तक म्हणजे 'बुकू', पुस्तकं म्हणजे 'बुकू-बुकू'. भाषेला 'बाहासा' म्हणतात आणि गुरूला गुरूच. अर्धी तं आपलीच हाय, असं मामा अभिमानाने सांगायचा, जसा काही त्यानेच नेऊन दिली होती.

एकदा सर आमच्याकडे चहाला आले आणि दोघांची जुंपली. सरांचं म्हणणं, विभक्तीशिवाय भाषा म्हणजे नुसता बाजारहाट. मामाचं म्हणणं, जी भाषा भाजी घ्यायच्या कामाची नाही ती चुलीत घाला. शिकणारी समोर बसली होती, पण तिला विचारतो कोण? विचारलं असतं तर सांगितलं असतं. मलाय पहिल्या दिवशी घरात घेते, लाड करते, आणि पाय पसरले की उपसर्ग-प्रत्ययांची पोतडी उघडते. पोलिश वर्षभर दारात उभं ठेवते, पण एकदा आत घेतलं की मग फारसं काही लपवत नाही.

मुलाखतीला खाणीच्या कचेरीत गेले. इंजिनिअर उंच, लालबुंद. मी पोलिशमध्ये नमस्कार केला, पाठ केलेलं भाषण म्हटलं, एक विभक्ती चुकली नाही. तो बिचारा ऐकून गहिवरला. मग म्हणाला, "बहुत अच्छा बोला बेटी. लेकिन मेरे को अब सब समझता है. चाय पिएगी?"

घ्या! परका माणूस दिसला की नागपूरकर हिंदी सोडून दुसरं बोलत नाही, आपल्याच माणसाशी रिक्षात बसून हिंदी बोलतो. मी विभक्त्या घोकत होते तेवढ्या वेळात साऱ्या खाणीने मिळून त्याला हिंदी शिकवून टाकली होती. चहा पिऊन परत आले. रस्ताभर रडले.

करार म्हणजे करार. अमरावतीचं स्थळ आलं. बैठकीत मुलगा, त्याचे आईवडील, बाबा आणि मामा. मुलाच्या आईने विचारलं, गाता येतं का? बाबा तोऱ्यात म्हणाले, गात नाही, पण पोलिश बोलते. मग काहीतरी बोलून दाखव, असं ठरलं.

मी बोलले, "न्ये ख्त्से विश्च झा मोंश."

मुलाच्या वडिलांना फोडणीत मोहरी तडतडल्यासारखं वाटलं. सगळे हसले. एखादी मऊ भाषा नाही का येत, मुलाच्या आईने विचारलं. मी खाली पाहूनच म्हटलं, "साया तिदाक माहू काहविन."

ही गोड आहे, त्या म्हणाल्या. मुलगी आम्हाला पसंत आहे. बाबा पेढे आणायला उठले.

मामाने बशी खाली ठेवली. पोहे तसेच होते. "भाऊजी, बसा," तो म्हणाला. "पोरगी म्हणून राहिली, मले लग्न नाही करायचं. पहिलेबी तेच म्हणाली असंल."

नागपुरात दुभाष्याची गरज पडली ती तेवढी एकदाच. पाहुणे उठले, चपला घालून गेले. बाबांनी पेढ्यांसाठी काढलेले पैसे परत खिशात ठेवले. मग विचारलं, "हे मराठीत सांगता नाही आलं तुले?"

"मराठीत तं मी केव्हाची सांगून राहिली, बाबा."