मोठ्या जावयाची पिपाणी

या सदरात भुताखेतांचे अनुभव लिहिणाऱ्यांची मी आजवर थट्टाच करत आलोय. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये हे पान मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येक भुताला एकेक वैज्ञानिक कारण चिकटवायचं, हा माझा आवडता उद्योग. वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो मी. लिंबातून रक्त काढणं, पाण्याने दिवा पेटवणं, हे सगळे चमत्कार पोरांना आधी करून दाखवतो आणि मग फोडून सांगतो. आता माझंच नाव इथे छापून आल्यावर स्टाफरूममध्ये काय होईल ते मला माहीत आहे... होऊ दे.

माझी सासुरवाडी सिंदी रेल्वे या गावापासून थोडी आत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लोक लगेच मोबाइल घेऊन रील काढायला येतात. गावामागे तलाव आहे. एका अंगाला पाणकणीस माजलंय, त्यात माणूस उभा राहिला तर दिसणार नाही. दुसऱ्या अंगाला मातीची उंच पाळ आणि पाळेखाली बायका धुणं धुतात ते सपाट दगड. हिवाळ्यात इथे बदकं उतरतात. जास्त करून हळदीकुंकू बदक. चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी लाल ठिपका, म्हणून ते नाव.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. आमचे मामाजी तरुणपणी शिकारी होते. पुढे शिकारबंदीचा कायदा आला, बंदूक जमा झाली. बदकांना हाक मारायची लाकडी पिपाणी तेवढी हाती राहिली. मग नुसत्या हाका मारायला बसायचे. पहाटे पाळेवर जायचं, पिपाणी वाजवायची, वरून जाणारा थवा वळवायचा आणि पाण्यात उतरलेली बदकं "इथं कोणी बोलावलं बा आपल्याले?" अशा चेहऱ्याने इकडेतिकडे बघायला लागली की गालात हसायचं. एवढाच त्यांचा नाद. पिपाण्या स्वतःच बनवायचे. लाकडाची नळी आणि आत पातळ पातं. पातं कापायचे जुन्या एक्स-रेच्या फिल्मचं. सासूबाईंच्या डाव्या गुडघ्याचा एक्स-रे असाच पातं-पातं होऊन संपला, आणि डॉक्टरने मागितला तेव्हा घरात मोठं भांडण झालं.

मी मोठा जावई. धाकटा विलास, म्हणजे माझा साडू, राहतो पुलगावला. तिथे त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्याच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मामाजींनी एका ताटात दोन पिपाण्या ठेवून आमच्यापुढे केल्या.

"पयले मोठ्या जवायाचा मान," मामाजी म्हणाले. "घ्या जवाईबापू, कोणची पायजे ते. पन वाजवून पाहा, मंग घ्या."

एक पिपाणी सागाची, घाटदार, पितळी कडं बसवलेली. दुसरी बांबूची, मधे तडकलेली म्हणून दोऱ्याने गुंडाळलेली. वाजवून काय पाहायचं त्यात? मी पितळी कड्याची उचलली. शिवाय जमलेल्या मंडळींना ध्वनी कसा निर्माण होतो हेही समजावून सांगितलं. पिपाणी उघडली, पातं बाहेर काढून दाखवलं, कंपन म्हणजे काय ते सांगितलं, पातं परत बसवलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मामाजी माझ्या हातांकडे पाहत होते, एवढं मला आठवतं.

विलासने बांबूची तोंडाला लावली. घरातली कोंबडी दचकून पळाली, इतका भसाडा आवाज निघाला. मामाजींनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"असं नाई ना बे! गालानं काऊन फुकतं? तुले काय चूल पेटवाची हाये? चष्म्याच्या काचेवर 'हा' करतेत का नाई, तशी पोटातून हवा सोड."

तिथून सुरू झालं. दर हिवाळ्यात आम्ही तिघं पाळेवर. माझ्यासाठी घरून प्लास्टिकची खुर्ची यायची, ती विलास उचलून आणायचा. मामाजी दगडावर बसायचे, विलास त्यांच्या पायाशी गवतात. मामाजींची एक काठी होती, खाली लोखंडी टोपी बसवलेली. विलासचं चुकलं की ते काठी दगडावर आपटायचे, टक टक. म्हणजे थांब. "पयले पातं पाह्य," म्हणायचे, मग स्वतः वाजवून दाखवायचे. पहिली हाक लांब, मग एकेक आखूड होत जाणारी, मग क्षणभर थांबून एक अगदी बारकी हाक, बशीतला शेवटचा घोट ओढल्यासारखी. ती थांबण्याची जागा फक्त त्यांचीच. दम्यामुळे तिथे त्यांचा श्वास तुटायचा. तशी हाक दुसऱ्या कोणाला मारता आली नाही, विलासलाही नाही.

आणि माझं चुकलं की? "वा जवाईबापू. चांगलं हाये."

चांगलं कसलं! माझ्या पिपाणीतून सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज निघायचा. वरून येणारा थवा तो ऐकून पार हिंगणघाटच्या दिशेने वळायचा. मी मोबाइलवर परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले, घरी बाथरूममध्ये सराव केला. बायको म्हणायची, "काय चाललंय हो आत, तब्येत बरी आहे ना?" काही उपयोग नाही. तिकडे विलास दोन हिवाळ्यांत तयार झाला. त्याच्या हाकेवर बदकं पंख आवळून, पाय पुढे काढून सरळ पाण्यात यायची. मग मामाजी त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणायचे, "हं, उतरली."

मला विलासचा राग यायचा. स्पष्टच लिहितो, मी जळायचो. बदकं उतरतात याचा हेवा होताच, पण त्याहून जास्त हेवा त्या धपाट्याचा होता. माझे वडील मी लहान असतानाच गेले. पाठीत धपाटा घालून "असं नाई ना बे" म्हणणारं मला कोणी नव्हतं. सासरी आलो तर तिथे खुर्ची मिळाली. पन्नाशीला टेकलेला माणूस सासऱ्याच्या शिव्या खायला मिळाव्यात म्हणून झुरतो, हे कोणाला सांगणार? एकदाच, फक्त एकदा, माझ्या हाकेवर बदकं उतरावीत आणि मामाजींनी माझ्या मानेवर हात ठेवावा, एवढीच इच्छा होती.

गेल्या पावसाळ्यात मामाजी गेले. दम्याने. विलास ढसाढसा रडला, मला तेही जमलं नाही. मोठा जावई म्हणून लोक माझ्याकडे बघत होते, मी लाकडं, गोवऱ्या, भटजी बघत फिरलो. त्यांची काठी मी स्वतः चितेवर ठेवली, त्यांच्या उजव्या हाताशी. हे लक्षात ठेवा.

नंतर पहिल्याच हिवाळ्यात, संक्रांतीच्या सुमारास, सासूबाईंना भेटायला मी आणि बायको गेलो. विलास यायचा नव्हता, दुकानात काम होतं. म्हटलं, बरं झालं. सकाळी उठून मी एकटाच पाळेवर गेलो. खुर्ची नेली नाही. उजाडलं होतं, पण पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडचं पाणकणीस अर्धंमुर्धं दिसत होतं. मामाजींच्या दगडावर बसायचा धीर झाला नाही, शेजारी गवतात बसलो. गवत दवाने पांढरं झालं होतं.

थोड्या वेळाने वरून पंखांचा आवाज आला. मी पिपाणी काढून फुंकली. नेहमीसारखीच, फुस्स.

टक टक.

लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज. माझ्या डाव्या हाताला, त्या दगडावरून. मी वळून पाहिलं. दगड रिकामा, ओला.

मनात पहिला विचार भुताचा आला नाही, विलासचा आला. म्हटलं, हा पुलगाववरून मोटरसायकल मारत आला असणार आणि माझी मजा बघत कुठेतरी लपला असणार. मी ओरडलो, "विलासराव, पुरे झालं, या बाहेर." काही नाही. मी खिशातून फोन काढून त्याला लावला, म्हणजे रिंग तरी वाजेल जवळपास.

त्याने उचलला. मागे कुकरची शिट्टी आणि त्याच्या बायकोचा आवाज. "काऊन दादा, एवढ्या सकाळी? समदं बरं हाये ना?"

"काही नाही, चुकून लागला," म्हणून मी ठेवून दिला.

आणि तेवढ्यात समोरच्या पाणकणसातून हाक आली. पहिली लांब. मग एकेक आखूड होत जाणारी. मग श्वास तुटल्यासारखी थांबली... आणि मग ती बारकी हाक.

मी विज्ञानाचा मास्तर. खोटं कशाला बोलू? भीतीपेक्षा मला रडायला जास्त येत होतं. मी पिपाणी पुन्हा तोंडाला लावली, फुंकली. फुस्स. आणि पुन्हा टक टक. आधीपेक्षा जोरात. कोणीतरी वैतागलं की करतं तसं. हे विलासच्या वाट्याचं टक टक मी इतकी वर्षं खुर्चीत बसून ऐकलं होतं. त्यानंतर मामाजी त्याला नेहमी एकच सांगायचे, "पयले पातं पाह्य." म्हणून मी पिपाणी उघडली. त्या दिवाळीनंतर पहिल्यांदाच.

पात्याला किंचित बाक असतो. बाक वरच्या बाजूला हवा, हे विलासच्या पिपाणीत मी डझनभर वेळा पाहिलं होतं. माझ्या पिपाणीत तो खाली होता. म्हणजे मी त्या दिवशी मंडळींना विज्ञान शिकवून जे पातं परत घातलं, ते उलटं घातलं होतं, आणि तेव्हापासून ते तसंच होतं. मी पातं पालटलं. काचेवर वाफ सोडतात तशी पोटातून हवा सोडली.

माझ्या हातातून बदक बोललं. दुसरं काय सांगू.

वरून जाणारा दुसरा थवा वळला. एक फेरी घेतली, खाली आला, पाय पुढे काढले आणि माझ्यासमोर पाण्यात उतरला. हळदीकुंकू. ती बदकं मान वर करून इकडेतिकडे बघायला लागली. माझी मान गारठ्याने आखडली होती, ती एकाएकी ऊबदार झाली. कुणाचा हात लागला असं मी म्हणणार नाही. ऊन वर आलं असेल. पण ऊन समोरून येत होतं, आणि ऊब मागून होती.

परतताना मी पाळ तपासली. आमच्या धंद्यात तपासायची सवय असते. दवाच्या गवतात पावलं माझीच होती, येतानाची.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं नाही, फक्त म्हटलं, "मामी, माझ्या पिपाणीतलं पातं उलटं होतं."

त्या भाकरी थापत होत्या, हात थांबला नाही. "हो, त्याईले ठावं होतं. त्याच दिवाळीले बोलले मले, का मोठ्या जवायानं पातं उलटं घातलं. म्या म्हटलं, सांगून द्या ना मंग. तं म्हने, जवायाची चूक दाखवाची असते काय? मान हाये त्याईचा." मग भाकरी तव्यावर टाकत म्हणाल्या, "दर हिवाळ्यात तोंडापर्यंत येऊन राह्यलं होतं त्याईच्या. लई जीव तुटे."

मी बाहेर ओसरीत जाऊन बसलो. इतकी वर्षं मला वाटत होतं, मामाजींना मी आवडत नाही.

स्पष्टीकरणं मी शोधली. हाक एखाद्या खऱ्या बदकाने दिली असेल, पण बदकाला दमा नसतो. टक टक म्हणजे पाण्यात पडलेलं काही असेल, पण पाण्याचा आवाज आणि दगडावर लोखंडाचा आवाज मला वेगळा कळतो. मनाचे खेळ म्हणावं, तर उलट्या पात्याची शंका माझ्या मनात एवढ्या वर्षांत कधी आली नव्हती, त्याच सकाळी का यावी? उत्तर असेल त्याने द्यावं, मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवीन.

विलासला मात्र सगळं सांगितलं, अगदी तपशिलात. तो हसेल असं वाटलं होतं. पण तो म्हणाला, "दादा, म्या दिवाळीपासून दर आयतवारी जाऊन राह्यलो तिथं. मुद्दाम चुकीचं वाजवतो. मले नाई आला कधी आवाज."

आता तो दर रविवारी पाळेवरून मला फोन करतो. मी विचारतो, "आला का?" तो म्हणतो, "नाई ना दादा." मी त्याला धीर देतो, येईल म्हणतो. फोन ठेवला की मला फार बरं वाटतं.