ओव्याच्या पानाला भोक नाही

बायडाबाईला बघायला पाहुणे आले, तेव्हा त्यांनी तिला स्वयंपाक येतो का असं विचारलं नाही. परसात नेऊन मेथीची जुडी बांधायला लावली. सगुणाबाईंनी, म्हणजे होणाऱ्या सासूने, ती जुडी उलटीसुलटी केली, पान न् पान उजेडात धरलं आणि सांगितलं, "एकाबी पानाला भोक नाय. पोरगी पसंत." पोरीकडे त्यांनी त्यानंतर बघितलं.

मखमलाबादच्या मळ्यातली ही माणसं. भाजी पिकवायची आणि पहाटे नाशिकच्या बाजारात नेऊन विकायची. गिऱ्हाईक जुडी उचलतं, पानाला भोक दिसलं की खाली ठेवतं, आणि ठेवताना तोंड असं करतं की जणू भोक विकणारीच्या अब्रूला पडलंय. बायडाबाईने वीस-बावीस वर्षं ती तोंडं बघितली. पुढे मळ्यातून रस्ता गेला, उरलेल्या तुकड्यात इमारत उठली, आणि बायडाबाई सरकारी दवाखान्यात ठेकेदाराकडून माळीण म्हणून लागली.

दवाखान्याला बाग नव्हती. पण स्वच्छतेच्या स्पर्धेत औषधी वनस्पतींच्या बागेला गुण होते, म्हणून अधीक्षक साहेबांनी बाग व्हावी असा आदेश काढला. साहेब व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेऊन आलेले होते. पुरुष वॉर्डातला नळ गळत होता, तेव्हा त्यांनी नळ समिती नेमली. समितीच्या बैठकीत चहा झाला आणि नळाखाली बादली ठेवण्याचा ठराव झाला. बागेसाठी कुंड्या मंजूर होईनात, म्हणून बायडाबाईने फुटकी बेसिनं गोळा केली. एकात अडुळसा, एकात कोरफड, आणि फाटकासमोर सगळ्यांना दिसेल अशा जागी, बाळांना अंघोळ घालायच्या तडकलेल्या टबात ओवा. जाड, लवदार पानांचा, ज्याची भजी करतात तो. वर पाटी लागली : 'सेंद्रिय उद्यान. विषारी फवारणीस सक्त मनाई.' त्या पाटीलाही गुण होते.

तपासणी आठवड्यावर आली आणि ओव्यावर अळी पडली.

बायडाबाईला ताप भरायचाच बाकी राहिला. मार्चअखेर तिचा करार संपत होता. बागेला गुण पडले तर पुढचं वर्ष, नाही तर घरी, अशी ठेकेदाराची तंबी होती. तिने अळ्या हाताने वेचल्या, राख टाकली. अळ्यांनी राखेसकट पानं खाल्ली. शेवटी तिने दिंडोरीला भावाला फोन केला. फकिरा द्राक्षबागेत फवारणीचं काम करतो. रविवारी तो हातपंप आणि एक बाटली घेऊन आला.

"आक्का, आमची द्राक्षं परदेशात जात्यात. मण्यावर एक डाग दिसला तरी मालक जेवत नाय. हे मार, अळी कुळासकट जाईल. पण आत मुरणारं हाय, धुऊन जात नाय. महिनाभर पान तोंडात घालू नको."

"तोंडात कोण घालतंय? दवाखान्याची झाडं ती. बघायची असत्यात."

तपासणीच्या दिवशी ओवा असा टवटवीत होता की समितीतल्या बाईंनी त्याच्यासोबत फोटो काढला. बागेला पैकीच्या पैकी गुण मिळाले. फकिराने बाटली ठेवूनच दिली होती. बायडाबाई दर रविवारी, सुट्टीच्या शुकशुकाटात, एक हात मारायची. पाटीकडे पाठ करून.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत चैताली नावाची मुलगी पीएचडीसाठी संशोधन करत होती. बागेतल्या एकेका पानाचा अर्क काढून ती तो तपासायची. तिने बायडाबाईला समजावलं होतं, "मेंदूत निरोप पोचवणारं एक द्रव्य असतं, मावशी. निरोप पोचला की एक एन्झाइम येऊन त्याचे तुकडे करतं. विसरभोळ्या म्हाताऱ्यांत ते द्रव्य आधीच कमी असतं. म्हणून त्या तुकडे करणाऱ्याचा हात जरा धरून ठेवायचा. तसं एखाद्या पानाने होतं का, ते मी बघतेय."

"आमच्या सासूबाईंचे निरोप कोण तोडतं, तेबी बघा. सकाळी दोनदा जेवत्यात आणि सुनेनं उपाशी ठेवलं म्हणून गल्लीभर सांगत्यात."

अडुळशाने त्या एन्झाइमचा हात धरला नाही. कोरफडीने नुसता बोटाला स्पर्श केला. सगळ्या पानांत अँटिऑक्सिडंट बेताचे, निकाल बेताचे, गाईडचा चेहराही बेताचा. मग चैतालीने फाटकासमोरचा ओवा नेला. चांगला तीनदा धुतला, अर्क काढला. एन्झाइम जागच्या जागी बंद पडलं. तिने नवा अर्क काढला. पुन्हा बंद. ती पळत बागेत आली आणि तिने बायडाबाईला मिठी मारली. बायडाबाईला एवढंच कळलं की आपला ओवा पास झाला.

बातमी साहेबांपर्यंत गेली. साहेबांनी 'स्मृती समिती' नेमली. ओव्याभोवती दोरी बांधली गेली आणि रुग्णांचे नातेवाईक दोरीला हात लावून नमस्कार करू लागले. साहेब बायडाबाईला म्हणाले, "बाई, तुमच्या हाताला गुण आहे. करार माझ्याकडे लागला."

घरी मात्र वेगळंच. सगुणाबाईंना आपलं नाव आठवायला वेळ लागायचा, पण दवाखान्यात विसरण्यावरचा पाला आहे हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बायडाबाई उंबऱ्यात चप्पल काढते न काढते तोच विचारायच्या, "पाला आणला का गं?"

"नाय आणला."

नवरा, धोंडीराम, जेवता जेवता म्हणाला, "लोकांच्या आया शहाण्या व्हाव्यात आणि माझी तशीच राहावी. व्वा!"

"मग खुडून आणा तुम्ही. दोरी बांधलीय तिथं."

"तुला ती बरी झालेली नकोच हाय. बरी झाली तर तुझी जुनी प्रकरणं काढील."

बायडाबाईने ताटात भाकरी अशी टाकली की आमटी उडाली. पण बाटलीविषयी ती बोलली नाही. धोंडीरामला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पंचवटीत पोचते. पानं मशीनमध्येच जातायत ना, मशीनला काय होतंय, अशी ती मनाची समजूत घालत होती.

मग मुंबईहून मोठे अधिकारी येणार असं ठरलं. साहेबांनी बैठक घेतली. "नुसतं सांगून उपयोग नाही. अनुभव द्यायचा. पाहुण्यांना ओव्याच्या पानांची भजी. नाव, स्मृतिभजी. वृद्धांच्या वॉर्डातही प्रत्येकी दोन."

बायडाबाई दारात झाडू धरून उभी होती. झाडू तिच्या हातातून पडला.

पाहुणे यायच्या सकाळी कॅन्टीनवाल्याने बेसन भिजवलं, कढई तापत ठेवली आणि टोपली घेऊन तो बागेत आला. बायडाबाई टबापुढे पदर खोचून उभी.

"आज खुडायचं नाय. अमावास्या हाय."

"परवा झाली की अमावास्या," कॅन्टीनवाला म्हणाला.

"मग माझा नवस हाय त्या झाडाला."

साहेब आले. मागे चैताली, नवी साडी नेसून. "बाई, हे विज्ञान आहे. नवस घरी. बाजूला व्हा."

बायडाबाईने एकदा पाटीकडे बघितलं, एकदा वृद्धांच्या वॉर्डाच्या खिडकीकडे. खिडकीत दोन म्हाताऱ्या ताटल्या घेऊन आधीच उभ्या होत्या. त्यातली एक हुबेहूब सगुणाबाईंसारखी दिसत होती.

"विष हाय त्याच्यावर," ती म्हणाली. "कीटकनाशक. दिंडोरीच्या भावानं बाटली दिलीय, दर रविवारी मारते. आत मुरलंय. काढा मला कामावरून, पण कोणाला खाऊ देऊ नका."

साहेब पाटीकडे बघत राहिले. चैताली टबाच्या कडेवर बसली.

"कीटकनाशक," ती हळूच म्हणाली. मग हसली, मग तिचे डोळे भरले. "मावशी, किडे मरतात कसे, माहितीये? त्यांचं हेच एन्झाइम बंद पडतं. मशीन खरं तेच सांगत होतं. मी दोन महिने दिंडोरीची बाटली तपासत होते."

"पण अहवाल वर गेलाय," साहेब म्हणाले. "वर गेलेला अहवाल खाली येत नाही."

"मी आजच पत्र देते, सर. निकाल मागे घेते."

फाटकात गाडीचा हॉर्न वाजला. साहेबांचा चेहरा बेसनासारखा झाला. "आता भजी?"

"बटाटे आहेत," कॅन्टीनवाला म्हणाला.

अधिकाऱ्यांनी स्मृतिभजी म्हणून बटाट्याची भजी खाल्ली. चौथ्या भज्याला ते थांबले, वर बघू लागले आणि म्हणाले, "अरे! तुमचा तो एक्स-रे मशीनचा प्रस्ताव... तीन वर्षं माझ्याच टेबलावर आहे. आत्ता आठवलं." टाळ्या झाल्या. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आनंदात अधिकाऱ्यांनी माळीणबाईंना बोलावून त्यांच्यासोबत फोटो काढला, आणि तो पेपरात छापून आला. पेपरात फोटो आलेल्या बाईला कामावरून काढलं तर कारण लिहावं लागतं. कारण लिहायचं तर भज्यांपर्यंत जावं लागतं. साहेबांनी करारावर सही केली आणि बायडाबाईला फक्त एवढंच म्हणाले, "बाटली माझ्या डोळ्यांदेखत नष्ट करा." त्यासाठी समिती नेमली नाही, ही मोठी गोष्ट.

चैतालीने पत्र दिलं. तिचं एक वर्ष वाढलं. आता ती बाजारातल्या पालेभाजीवर फवारणीचा अंश किती उरतो ते तपासते, आणि बायडाबाई तिला जुड्या आणून देते. कुठल्या गाळ्यावरची जुडी कशी चकचकीत, हे तिला लांबूनच कळतं, आणि ते सांगताना तिचा आवाज जरा खाली जातो.

टबातला ओवा उपटून, माती बदलून तिने नवा लावला. पावसाळ्यात त्यावर अळी आली. बायडाबाईने अळी बोटावर घेऊन चैतालीला दाखवली, तान्ह्या नातवाला दाखवावी तशी. मग पहिल्यांदाच पदरात चार पानं बांधून ती घरी गेली. भजी तळून सासूपुढे ठेवली.

सगुणाबाईंनी एक भजं उचललं, बेसन बाजूला केलं, पान उजेडात धरलं आणि शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा, चांगली चांगली पानं लोकांना, आणि भोकाची मला."