जिभेवरची पारख

वना आबांचा जगात कुणावर विश्वास नव्हता. दुधात पाणी, तराजूत पाप आणि सोयऱ्याच्या पोटात काळं असणारच, हे त्यांचं पक्कं मत. लग्नाच्या पंगतीतही शेजारच्याने घास घेतल्याशिवाय ते स्वतः घेत नसत. माणूस म्हणून ते मला फार आवडत असं नाही. पण शिंदखेड्याच्या बाजूला कपाशीवर फवारा मारावा तो त्यांनीच.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बोंडअळी आली की दुकानांत भेसळीच्या औषधांचा सुळसुळाट होई. बाटली अस्सल दिसे आणि अळी मजेत असे. म्हणून गावातले शेतकरी फवारणीआधी आबांना बोलावत. आबा झाकण उघडून वास घेत, बोट बुडवत आणि जिभेला लावत. जीभ बधिर झाली की म्हणत, "माल खरा शे." मग थुंकून, चूळ भरून पंप पाठीला लावत. पंप गळका, पाठ ओली, पाय अनवाणी. जीभ बधिर झाली नाही, तर दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. त्या जिभेचा गावाला केवढा अभिमान! स्वतःला शहाणी म्हणवणारी माणसंही बाटल्या घेऊन त्यांच्या दारात जात, याचा मला आजही राग येतो.

पाच-सहा हंगामांनी आबांचं अंग बिनसू लागलं. काटा रुतला तरी जखम चिघळे. ताप जाई आणि परत येई. मग कमरेला नागीण उठली. तिची दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो, असं आमच्याकडे म्हणतात. त्यांची बायको यशोदाबाई रोज धास्तावून मधलं अंतर बघायची. नागीण बरी झाली, पण मानेला गाठ आली आणि ती वाढतच गेली.

आबांच्या संशयाला आता ऊत आला. आधी चुलतभावाचा नंबर लागला. बांधाच्या भांडणातून त्याने करणी केली म्हणे. मग चहाच्या हॉटेलवाल्याचा. मग विहिरीत कुणीतरी काही टाकलं असणार, म्हणून लोकांच्या घरचं पाणीही सोडलं. औषधाचा संशय मात्र कधी आला नाही, कारण ते त्यांनी स्वतः पारखलेलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी.

यशोदाबाईच्या हट्टापायी मी दोघांना धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हळू बोलणाऱ्या. आबांनी डोळे बारीक केले आणि तपासणीच खोटी असल्याचं माझ्या कानात पुटपुटले. बाईंनी तंबाखू, विडी, दारू विचारली. एकही नाही. मग काम विचारलं, तेव्हा आबांनी ऐटीत जिभेची हकिकत सांगितली.

बाईंनी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं. मग म्हणाल्या, याच औषधामुळे हे झालं असं बोट दाखवून कुणी सांगू शकणार नाही. पण शेताला राखण्या असतो तशी अंगालाही राखण असते. असलं विष वर्षानुवर्षं थोडं थोडं आत गेलं तर ती राखण ढिली पडू शकते. मग बारीकसारीक आजार शिरतात आणि कॅन्सरचा धोकाही वाढू शकतो.

"आणि ते नुसतं तोंडातून जात नाही," त्या म्हणाल्या. "कातडीतूनही जातं. फवारणीचे कपडे कोण धुतं?"

आबांनी यशोदाबाईकडे बोट केलं. ते बोट तसंच वर राहिलं. ती पदराखाली हात घेऊन बसली होती. आबांनी तिचे हात ओढून बाहेर काढले आणि उलटसुलट करून पाहिले. आबा भ्यालेले मी तेव्हा पाहिले.

"माले ऱ्हाऊ द्या, बाई," तिच्या मानेवरचा पदर बाजूला करत ते म्हणाले. "पहिले हिनी मान देखा."