मागच्या कोपऱ्यातली काळी माती

“हा पाया कोण्या गाढवाने घातला?” मी मोठ्याने विचारलं.

सिंदी रेल्वे या गावातल्या एका घराच्या मागच्या खोलीत मी उभा होतो. खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग तिरकी खाली जमिनीपर्यंत उतरली होती. तिच्यात माझी पेन्सिल आरामात उभी राहिली. घरमालक गणपतराव “चहा ठेवतो,” म्हणून आत गेले. मला वाटलं, वरमले.

मी वर्ध्याचा सिव्हिल इंजिनिअर. आयुष्यभर घरांचे नकाशे काढले, बांधकामांवर देखरेख केली. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत, म्हणून लोकांना घर घेण्याआधी ते तपासून देतो. आपल्याकडे सोयरीक जुळवताना मुलाच्या मावशीपर्यंत चौकशी होते. घर घेताना मात्र नळ सोडून बघायचा, पंखा लावून बघायचा, झाली तपासणी.

मला इथे तपासणीला बोलावणाऱ्या सुमनबाई तशा नव्हत्या. त्या आणि त्यांचे यजमान जवळच्या खेड्यात भाजीपाला पिकवतात. बाजाराजवळ घर असलं तर रोजची ने-आण वाचेल, म्हणून त्यांना हे घर हवं होतं. मला फोनवर म्हणाल्या होत्या, “भाजी सडली तं फेकून देता येते साहेब. घर कुठी फेकाव?”

मी ओळंबा काढला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ आहे की नाही ते त्यावरून कळतं. पुढच्या दोन खोल्या सरळ होत्या. मागच्या खोलीची भिंत बाहेर कलली होती. मग मी सोबत आलेल्या सुमनबाईंपुढे व्याख्यान सुरू केलं, कारण समोर ऐकणारं कोणी असलं की मला राहवत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरचं घर तिच्यासोबत वर-खाली होतं. म्हणून पाया काळ्या मातीतून खाली, टणक मुरमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम किती खोल आहे ते बघायला बांधकामाआधी खड्डा घेतात. त्याला आम्ही ट्रायल पिट म्हणतो.

“तुम्हाला हे समजायला जरा कठीण जाईल,” मी म्हणालो, “पण काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात.”

“मालूम आहे,” सुमनबाई म्हणाल्या. “आमच्या वावरात मागच्या उन्हाळ्यात इळा पडला भेगेत. अजून सापडला नाई.”

तेवढ्यात गणपतराव चहा घेऊन आले. काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक गुंडाळी होती. “घराचा नकाशा आहे साहेब. काम पडंन म्हनून आनला.”

मी चष्मा लावला. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात इंजिनिअरचं नाव आणि सही होती. दोन्ही माझी. त्या काळी मी सहीला लांबलचक शेपटी काढत असे. नाही म्हणायची सोयच नव्हती.

“तुमी मले ओळखलं नाई,” गणपतराव म्हणाले. “मी तं फाटकातच ओळखलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी गाढव म्हनून राह्यले होते. मधात कसा बोलू?”

माणसं विसरतो पण आपण काढलेलं घर विसरत नाही, असं मी चारचौघांत सांगत असतो. त्या वेळी इथे आजूबाजूला वावरं होती. आता वस्ती झाली, घरापुढे पत्र्याची शेड आली, भिंतींना गुलाबी रंग लागला. ही सगळी सबब आहे, हे मलाही कळतं.

“पण मी खड्डा घेतला होता,” मी नकाशावर बोट ठेवलं. “चार फुटांवर मुरूम. हे बघा, लिहिलंय.”

“घेतला ना. समोर, लिंबाखाली. मागं तवा लय चिखल होता. मी म्हनलं, साहेब, मागंबी एक खड्डा घ्या. तुमी म्हनले, जमीन सारी सारखीच असते. नवे बूट होते तुमचे.”

बूट मला आठवले. घर आठवलं नाही, गणपतराव आठवले नाहीत, पण ते तपकिरी बूट लख्ख आठवले. फार लाज वाटली.

‘प्लास्टरची भेग आहे, भरून घ्या.’ आमच्या धंद्यातलं हे फार सोयीचं वाक्य. ते जिभेवर आलंही होतं. गणपतरावांना घर विकून मुलीकडे अमरावतीला जायचं होतं, आणि माझी सही झाकली गेली असती. पण सुमनबाई मागच्या दाराच्या पायरीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी बूट काढले, पँट दुमडली आणि कुदळवाला बोलावून मागच्या कोपऱ्यात खड्डा घ्यायला लावला. चार फुटांवर पाया संपला. त्याखाली काळी माती, आणखी खाली काळी माती. मुरूम लागला तो सात फुटांवर.

रिपोर्ट तिथेच लिहिला. पुढच्या खोल्या ठीक. मागची खोली पाडून मुरमापर्यंत नवा पाया घ्यावा. ‘दोषाचे कारण’ या रकान्यात लिहिलं, ‘काळी माती’. सुमनबाईंनी एकेक अक्षर लावून वाचलं.

“मातीवर काऊन ढकलता साहेब?” त्या म्हणाल्या. “माती तं पयलेपासून तिथंच होती.”

मी ते खोडलं आणि लिहिलं, ‘इंजिनिअरने मागच्या कोपऱ्यात खड्डा घेतला नाही.’ खाली सही केली. या वेळी शेपटी काढली नाही.

गणपतरावांनी मागच्या खोलीची किंमत सोडली आणि सुमनबाईंनी घर घेतलं. नव्या खोलीचं काम मी फुकट करून दिलं. मी स्वतःहून तयार झालो असं लिहायला मला आवडलं असतं, पण सुमनबाईंनी आधी विचारलं. “या खेपी चारी कोपरे खोदू,” त्या म्हणाल्या. “आन साहेब, चपला घालून येजा.”

तेव्हा घर घेण्याआधी तपासणी जरूर करून घ्या. तपासणारा आला की आधी त्याच्या पायांकडे बघा. बूट चकचकीत असतील तर त्याला मागच्या दाराने आत घ्या.